जाऊबाईंच्या तोंडावरचा पांढरा डाग

३ नोव्हेंबर, सोमवार
संगणक आज नवा झाला. डबा जुनाच, आतडी नवी. रॅम वाढवली, नवी डिस्क टाकली. दुकानदार म्हणाला, मॅडम, आता विमान समजा. मी म्हटलं, जिंतूरला विमान कशाला, वेळेवर सुटणारी एसटी झाली तरी पुरे. पूर्वी बटण दाबल्यावर हे चहा करून आणेपर्यंत पडदा काळाच असायचा. आज चहा मागायच्या आत सुरू. ह्यांचा चेहरा खुलला.
निश्चय: रोज सकाळी दोन तास फोटो एडिटिंग. निवृत्त मुख्याध्यापिकेने रिकामं बसू नये.
पहिलं कामही हातात आहे. मोठे दीर भगवानराव तीस तारखेला ऐंशीचे होतात. पालमला कार्यक्रम आहे. त्यांनी लग्नातला एकुलता एक फोटो माझ्या स्वाधीन केला. म्हणाले, मास्तरीणबाई, सरजाचं तोंड दिसाया पाहिजे, बाकी मला काई नको. मी सगळ्यांसमोर शब्द दिला. मी शब्द देते तेव्हा तो पाळलेलाच असतो.

५ नोव्हेंबर, बुधवार
फोटो तपासला. निदान: बुरशी.
मोठे दीर खुर्चीवर ताठ. मिशी स्पष्ट. शेजारी बौद्ध लग्नातल्या पांढऱ्या लुगड्यात सरजाबाई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या तोंडाच्या जागी पांढरा डाग. हनुवटीसुद्धा शिल्लक नाही. फोटो इतका फिका पडलाय की डाग कुठे संपतो आणि लुगडं कुठे सुरू होतं, ते कळत नाही.
जाऊबाईंना फोन करून विचारलं, फोटो ओलीत ठेवला होता का? त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, शीले, अगं ते पांढरं हाय ना... मी तिथेच थांबवलं. सबबी ऐकून डाग निघत नसतात. वस्तू कशा सांभाळाव्यात याबद्दल चार शब्द सांगितले. त्या ऐकत होत्या. मागे कोणीतरी आणखी हसत होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सॉफ्टवेअर निवडायचं. लोक शेजाऱ्याचं बघून निवडतात. मी परीक्षा घेणार. चार उमेदवार. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून रोल नंबर दिले. एक नंबर: दर महिन्याला पैसे मागणारं. दोन नंबर: एकदाच मागणारं. तीन नंबर: फुकट. चार नंबर: नेटवर चालणारं, सगळं आपणहून करतो म्हणणारं. त्याच्यावर माझा विश्वास नाही. आपणहून सगळं करतो म्हणणारी मुलं मी वर्गात पाहिली आहेत.
वेळ वाचावा म्हणून एक आणि दोन दोन्हींची सात दिवसांची ट्रायल आजच सुरू केली.

९ नोव्हेंबर, रविवार
आधी गुणपत्रक तयार केलं. शिस्त, स्वच्छता, गती, वागणूक. प्रत्येकी पंचवीस गुण. मग एक नंबरची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. पुस्तक न वाचता धड्याखालचे प्रश्न सोडवायची माझी सवय नाही.
हे म्हणाले, एकदा उघडून तर बघ. मी म्हटलं, तुम्ही डेपोत बस आधी सुरू करायचा आणि मग डिझेल बघायचा, इथे तसं चालत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पुस्तिका संपली. एक नंबर उघडलं. ट्रायल संपली म्हणे. दोन नंबर उघडलं. तेही संपलेलं.
दोघांना वागणुकीत शून्य.
नाहीतरी तीन नंबरच माझ्या मनात पहिल्यापासून होतं. फुकटात असूनही मन लावून काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
तीन नंबर. डाव्या हाताला चित्रांची रांग. बादली, कात्री, बँडेज. दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.
यात शिक्का मारायचं एक साधन आहे. चांगल्या जागेवरून कातडी उचलायची आणि खराब जागेवर छापायची. फोटोत स्पष्ट कातडी एकच, मोठ्या दिरांची. त्यांच्या गालावरून उचलली. जाऊबाईंना अर्धी मिशी आली. मागे जायचं बटण दाबलं. ते बहुधा पुढे जायचं होतं, कारण मिशी पूर्ण झाली.
ह्यांनी पाहिलं. म्हणाले, आईसारखी दिसायली. सासूबाईंना मिशी नव्हती.

१९ नोव्हेंबर, बुधवार
चार दिवसांत बरीच प्रगती. मिशी गेली. मोठ्या दिरांचीसुद्धा गेली. त्यांची परत आणण्यात सकाळ गेली.
पुतणी मनिषाचा पालमहून फोन. काकू, आई म्हणायली की फोटोचं राहू द्या, तसाच लावू. तिला तुमाला काईतरी सांगायचंय. मी म्हटलं, तुझ्या आईला सांग, तीस तारखेला स्वतःचं तोंड बघायचं आणि मगच बोलायचं. तिने फोन आईला दिला. जाऊबाई म्हणाल्या, बाई, त्याच्यात तोंड न्हाईच. मी धीर दिला. म्हटलं, निराश होऊ नका, आहे, फक्त दिसत नाही.
बिचाऱ्या परत हसल्या. काही माणसांना रडू येतं तेव्हा ती हसतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार
तीन नंबर चांगलं आहे, पण माझ्या वेगाला पुरत नाही. संगणक आता इतका जलद झालाय की चुका पूर्वीच्या मानाने फार लवकर होतात.
फ्लेक्स छापणारा उद्या फाईल मागतोय. चार नंबरला एक संधी द्यायचं ठरवलं. शिक्षकाने पूर्वग्रह ठेवू नये.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
चार नंबरला शंभरपैकी शंभर.
फोटो दिला. ‘चेहरा दुरुस्त करा’ असं लिहिलं. पाणी प्यायला उठले आणि परत येईपर्यंत चेहरा हजर. टपोरे डोळे, सरळ नाक, गोरी कांती. जाऊबाई तरुणपणी अशा होत्या, हे मला आज कळलं. आता सावळ्या आहेत, पण शेतातलं ऊन काय कमी असतं? नाकाचं मात्र नवल वाटलं. नाक उन्हाने बदलत नाही. पण वयाने बदलत असेल.
हे म्हणाले, ही वहिनी न्हाई. मी म्हटलं, वहिनी घरात आल्या तेव्हा तुम्ही दुसरीत होता. दुसरीतल्या मुलाची साक्ष मी धरत नाही.
फाईल दिली. फ्लेक्स आठ फुटी करायला सांगितला. शब्द पाळला.

३० नोव्हेंबर, रविवार. पालम, संध्याकाळ
कार्यक्रम छान झाला. मंडप भरला. जेवण उत्तम. हे आधी लिहून ठेवते.
बुद्धवंदना झाली आणि फ्लेक्सवरचा कपडा ओढला. मग बायकांत कुजबुज. शेजारच्या चतुराबाईंनी मला हळूच विचारलं, भगवानरावांची ही पहिली का? आमाला कुणी बोललं न्हाई कधी.
जाऊबाई स्टेजवर, बरोबर त्या बाईच्या खाली बसल्या होत्या. वर मान करून बराच वेळ बघितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, कोण हो ही भवानी, अन् माझं लुगडं नेसून काय करायली? मंडप हसून फुटला.
मी बुरशी समजावून सांगितली. जाऊबाई म्हणाल्या, शीले, ती बुरशी न्हाई, माजा पदर हाय. समोर सासरा, मामा, सगळा गाव बसलेला. फोटोवाला आला तसा म्या पदर हनुवटीखाली ओढला. महिनाभर तेच सांगायले, तू बोलू देशील तर. तू तर बीएस्सी होऊन उघड्या तोंडानं आलीस, तुला काय ठाऊक पदर.
मी मोठ्या दिरांना म्हटलं, तुम्हाला तरी माहीत होतं ना? त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, व्हतं की. पण त्या दिवशी मला बी दिसलं न्हवतं तोंड. पन्नास-पंचावन्न वर्सं झाली, मनात राहिलं. म्हटलं, मास्तरीण लय शिकलेली, मशीन बी नवं, पदराखालचं काढंल बी.
यावर कोणी हसलं नाही. मला चष्मा पुसावा लागला. मंडपात धूळ फार होती.
जाऊबाई उठल्या. पांढरी साडीच नेसल्या होत्या. नवऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढली, पदर हनुवटीपर्यंत घेतला आणि मनिषाला म्हणाल्या, काढ गं मोबाईल. मग नवऱ्याला म्हणाल्या, बघा आता, एकदाच दाखवीन. आणि पदर वर केला.
मोठे दीर बघतच राहिले. म्हणाले, हीच का?
म्हणाल्या, आता बदलून मिळत न्हाई.

१ डिसेंबर, सोमवार. जिंतूर
मनिषाने फोटो पाठवला. जाऊबाईंना दात दोनच, पण हसू पूर्ण आलंय. मोठे दीर कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत.
मागे उजव्या कोपऱ्यात मी आहे. फ्लेक्सवाल्याला काहीतरी सुनावते आहे. तोंड उघडं, डोळे मिटलेले. मनिषाला कळवलं, फोटो माझ्याकडे दे, तेवढी जागा पाच मिनिटांत दुरुस्त करते. उत्तर आलं: काकू, फ्रेमवाल्याला दिला पण. आई म्हणायली, शीलेला हात लावू देऊ नका, ती हुबेहूब आलीय.
निश्चय: आता फोटो नाही. संगणकाचा उपयोग हिशेबी कामासाठीच.
दुपारी हे त्यावर पत्ते खेळत बसले होते. मशीन खरंच जलद झालंय. पान टाकायच्या आत डाव मोडतो. मी त्यांना उठवलं, बसायची योग्य पद्धत दाखवली आणि तीन डाव हरले.
पत्त्यांची माहितीपुस्तिका शोधते आहे.