कडी वाजवू नये

आई, तुझी पाटी मी ताईकडे पोचवली. पत्र्याची, फूटभर लांब, पांढऱ्यावर निळी अक्षरं: ‘आई झोपली आहे. कडी वाजवू नये.’ अकरा वर्षं ती वारज्याच्या घरात माळ्यावर होती. तिच्या कडा गंजल्यात, अक्षरं मात्र शाबूत आहेत. तू हॉस्पिटलात आयाचं काम करायचीस, कायम रात्रपाळी. सकाळी आठला यायचीस, साडीला फिनेलचा वास असायचा. आमचे डबे करून दहाला आडवी व्हायचीस. मग त्या दोन खोल्यांत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. ताई भांडीसुद्धा फडक्यावर एकेक उपडी घालायची. एकदा शाळेतून लवकर सोडलं म्हणून मी पळत आलो आणि धडाधड कडी वाजवली. तू दार उघडलंस. मला वाटलं, मारशील. तू विचारलंस, ‘‘कोण मेलंय?’’ मी म्हटलं, कुणी नाही. ‘‘मग उठवलंस कशाला?’’ एवढं बोलून तू परत भिंतीकडे तोंड करून झोपलीस. दुसऱ्या दिवशी मी ती पाटी रंगवली. उठल्यावर तू ती दोन्ही हातांत धरून दारात उजेडाला नेऊन वाचलीस. नंतर मी दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा इंग्रजीत पडलो, तेव्हा तीच पाटी पिशवीत घालून तू मला कसबा पेठेत पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात नेलंस. ‘‘शाळा नाही झाली ह्याची, पण अक्षर बघा,’’ म्हणालीस. पहिल्या दिवशी मला मनगटी घड्याळ दिलंस. ते अजून चालू आहे. मी अजून त्याच दुकानात आहे आणि मराठीत एक वेलांटी चुकू देत नाही.

आपल्या दारावरची ही पाटी ताईला हवी होती. कॅनडात जाऊन तिला तेरा वर्षं झाली, नर्स म्हणून गेली ती तिथलीच झाली. दरवर्षी फोनवर म्हणायची, या एकदा दोघं, आणि पाटी आणा. दोघं म्हणजे मी आणि माझी बायको. तू तिला पाहिलेलं नाहीस. तुला आवडली असती, किंवा तुमचं रोज वाजलं असतं. मी महिनाभर आधी कागदांची फाइल केली, प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, वेगळ्या प्लास्टिकच्या खिशात. घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत मी खिसा चाचपत होतो. ‘‘अहो, पासपोर्ट आहे,’’ ती म्हणाली. ‘‘लोणावळ्यालाही होता, खालापूरलाही होता. त्याला पाय नाहीत.’’ पाटी हातातल्या बॅगेत होती, टॉवेलात गुंडाळून. तपासणीला बॅग अडली. तिथला जवान आपल्याकडचाच निघाला. त्यानं टॉवेल सोडला, पाटी वाचली आणि म्हणाला, ‘‘बरं बरं. मग बॅग हळूच बंद करा.’’ बायको हसली. मला हसू आलं नाही. मी पाटी पोचवायला चाललो नव्हतो, आई. मी ताईला एक गोष्ट सांगायला चाललो होतो.

दुसरं विमान चौदा तासांचं होतं. आम्ही खिडकीशी. बाहेर लख्ख ऊन, ढगांवर डोळे दिपतील असं, आणि आत सगळ्या खिडक्या बंद करून घेतल्या होत्या, दिवे मालवले होते. तीनशे माणसं भर दिवसा झोपली होती आणि मी पाय न वाजवता त्यांच्यामधून जात होतो. मला वाटलं, हे आपलं घर आहे. बायकोनं डोळ्यावरची पट्टी वर करून विचारलं, ‘‘काय पुटपुटताय?’’ मी काही नाही म्हटलं. मी वाक्यं जुळवत होतो. ताई, ऐक. ताई, तुला एक सांगायचंय. पुढचं वाक्य जुळत नव्हतं.

पुढचं वाक्य असं आहे. त्या दिवशी तू हॉस्पिटलच्या खाटेवर आहेस, ज्या वॉर्डात तू वीस वर्षं लोकांच्या चादरी बदलल्यास त्याच वॉर्डात. नाकाला नळी आहे. ती बाजूला करून तू म्हणतेस, ‘‘पोरीला फोन लाव.’’ मी घड्याळ बघतो. सव्वाबारा. मी म्हणतो, ‘‘आई, तिकडं रात्रीचे पावणेदोन वाजलेत. ती झोपली असेल.’’ तू नळी परत नाकाशी नेतेस. ‘‘बरं. झोपू दे तिला,’’ म्हणतेस. साडेतीनला पुन्हा डोळे उघडतेस. ‘‘उजाडलं का तिकडं?’’ मी म्हणतो, अजून नाही, साडेपाचला लावू, तेव्हा तिकडं सात वाजतील. तू मान हलवतेस. चारला तू गेलीस. साडेचारला मी फोन लावला. आता उठवायला हरकत नव्हती, कुणीतरी मेलं होतं. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

ती इथं पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिनं मला एकच विचारलं, ‘‘शेवटी काही बोलली का रे?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. झोपेतच गेली.’’ अकरा वर्षं ती तेच धरून बसली आहे. मीही.

ताईचं घर गरम आहे, बाहेर बर्फ आहे आणि ती आता थेट तुझ्यासारखी चालते, टाचा घासत. तिलाही रात्रपाळी असते. पाटी बघून ती रडली नाही. हातोडी आणली आणि आपल्या झोपायच्या खोलीच्या दारावर ठोकून टाकली. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला मराठी वाचता येत नाही, पण पाटी दिसली की ती चवड्यांवर चालते. चौथ्या दिवशी ताई सकाळी ड्यूटीवरून आली आणि ओट्याशी उभी राहून चहा पिताना माझ्या बायकोला सांगू लागली, ‘‘आई गेली ना, त्या रात्री मी कामावर होते. माझी नव्हती पाळी, बदलून घेतली होती. दोन वाजता चहाला बसले होते, अशीच. एकदम वाटलं, आईला फोन करावा. मोबाइल हातात घेतला. मग म्हटलं, पुण्यात दुपार, तिचा डोळा लागला असेल. नको उठवायला.’’ तिनं कप विसळला. ‘‘आपल्या घरात एक कळलं बघ. कुणाला उठवायचं नाही.’’ माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, ‘‘काहीच बोलली नाही ना रे?’’ बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘‘नाही गं.’’

ताई झोपायला गेली. बायको हळू आवाजात म्हणाली, ‘‘अहो, काय आहे ते सांगून टाका. एवढ्या लांब आलोय.’’ तिला काही माहीत नाही, पण तिला कळतं. मी उठलो, ताईच्या दाराशी गेलो. हात वर केला. समोर माझंच अक्षर होतं, चौदाव्या वर्षीचं, ‘नये’ जरा उजवीकडे उतरलेलं. मी हात खाली घेतला आणि परत येऊन बसलो. तसेच आम्ही परत आलो.

हॉस्पिटलातलं सगळं तुला माहीत आहे, तू तिथं होतीस. तुला माहीत नसलेलं एवढंच आहे. तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला होता. तू झोपली होतीस. ती म्हणाली, रिपोर्ट हातात घे, वाचून दाखव. माझ्याकडे बटणांचा फोन, फोटो पाठवायची सोय नव्हती. रिपोर्ट इंग्रजीत, मी एकेक अक्षर वाचत गेलो. ती वैतागली. ‘‘अरे, अक्षरं काय वाचतोस? शब्द वाच ना!’’ शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा हसला. मी म्हटलं, आवाज कटतोय, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तू ‘लाव’ म्हणालीस तेव्हा नवा रिपोर्ट माझ्या मांडीवर होता. मी घड्याळ बघितलं, हे खरं आहे. पण त्याआधी मी तो कागद बघितला होता. तिची झोप मोडेल म्हणून मी थांबलो नाही, आई. ती पुन्हा म्हणेल, वाच, म्हणून थांबलो.