गारव्याची अट

४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कंपनीचं पाण्यावर चालणारं गारव्याचं यंत्र आमच्या शिवणखात्यात बसलं. मालकांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला. पण आम्ही आत उकडून निघतोय रे! कापड दमट लागतं, अंग चिकचिकतं. काल काजं करणाऱ्या मावशी भोवळ येऊन मशिनवरच पडल्या. तुझं गणित चुकत नाही म्हणतात, मग पाणी मुरतंय कुठे? असंच चाललं तर मला नोकरी सोडावी लागेल, आणि मला हे काम मनापासून आवडतं.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी घामाघूम धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गणित बरोबर आहे. खिडक्या उघड्या आहेत ना? हा एसी नव्हे, बाई. बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून गार होऊन आत येते आणि खिडकीवाटे बाहेर जाते. खिडक्या बंद ठेवल्या तर खोलीचं न्हाणीघर होणारच. हे मी मालकांना बजावून सांगितलं होतं. तुझी वहिनी म्हणते, बजावलेलं ऐकतं कोण, तुम्ही तरी कुठे ऐकता!

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.
तुझा दादा

२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे, खिडक्या उघडाव्या लागू नयेत म्हणून तर मालकांनी यंत्र घेतलं! बाया बाहेर बघतात आणि टाके वाकडे पडतात, हा त्यांचा सिद्धांत. मी सहा वर्षं कानीकपाळी ओरडले, ते पालथ्या घड्यावर पाणी. इंजिनियरसाहेबांचा निरोप म्हटल्यावर मात्र स्वतः उठून कड्या काढल्या.

आता असा गारवा आहे की मालक पाहुण्यांना आणून यंत्र दाखवतात. गंमत म्हणजे पंप कधीचा बंद पडलाय, जाळी कोरडी ठणठणीत. नुसता वारा पुरतो. पण हे कळलं तर मालक यंत्र परत पाठवून एसी आणतील आणि कड्या पुन्हा लागतील. ते तुला तपासणीला बोलावणार आहेत. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून मला धास्ती वाटते.

बहिणीवर जीव असू दे, विशेषतः त्या दिवशी.
तुझी धाकटी

११ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल तपासणीला आलो, पण मालकांदेखत तुझ्याशी बोलता आलं नाही. पंप त्यांच्या नकळत दुरुस्त केला, मग त्यांनी विचारलं, यंत्राची कार्यक्षमता किती? तुमच्याकडच्या सौम्य हवेत वर्षातले मोजके दिवस सोडले तर खिडकीच भारी, हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तू मान वर करून बाहेर बघितलंस. तुझा चेहरा इतका निवांत मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मी म्हणालो, यंत्र अव्वल आहे, पण खिडक्या एक दिवस जरी बंद दिसल्या तरी वॉरंटी रद्द. असा नियम नव्हता. आज सकाळी कंपनीत भांडून करवून घेतला, म्हणजे मी खोटा ठरायला नको.

तू घरी गेल्यावर मालकांनी सुतार बोलावला आणि सगळ्या कड्या उपटून टाकल्या.

वाऱ्याला बसून काम कर, आणि लोभ आहेच तो वाढू दे.
तुझा दादा