इंजिन बंद करू नका

बाबा,

तुझ्यावर चिडून लिहायला बसलोय, हे आधीच सांगतो. शांत झाल्यावर लिहावं असं म्हणत होतो, पण तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि शांत काही झालो नाही. मी बोट घेतली. तुझ्यासारखी लाकडाची नाही, फायबरची, आणि जाळ्याची तर नाहीच. गळाची. बोट चालती ठेवायची, मागे लांब दोऱ्यांना रंगीत झालरींची खोटी मासळी लावायची आणि लाटांवरून ओढत न्यायची. खोल पाण्यातला मोठा मासा तिला जिवंत समजून झडप घालतो. याला ट्रोलिंग म्हणतात. तू ऐकलं असतंस तर थुंकला असतास. बंदरात तुझ्या वयाचे जे दोन-चार म्हातारे उरलेत ते तुझ्या वतीने थुंकतातच. परवा एकाने जाळं शिवता शिवता विचारलं, "काय शेठ, प्लास्टिकला प्लास्टिक लागतंय का?" मी हसलो. धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माणूस कशालाही हसू शकतो. पण बोटीवर चढेपर्यंत कानशिलं तापली होती.

तू मला ऐकायला शिकवलंस. तुझ्या होडीवर पहिला नियम तोच होता. घोळ माशाच्या दिवसांत एका जागी आलो की तू हात वर करायचास, इंजिन बंद व्हायचं, आणि तू वल्हं पाण्यात उभं धरून त्याच्या मुठीला कान लावायचास. खाली मासळीचा थवा असला की लाकडातून घुरघुर यायची, कोणी लांब कुठेतरी घोरत असल्यासारखी. मग तू वल्हं माझ्या हातात द्यायचास. मी कान लावायचो आणि सांगायचो, डावीकडे, लांब आहे, थवा लहान आहे. मी चुकत नसे. एकदा मी ऐकत असताना खोकलो तर तू सगळ्या खलाशांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातलास. "कान दिलाय ना देवाने? मग तोंड बंद ठेव." तेही मी गिळलं. तुझ्या होडीवर माझ्याइतका कान कोणाचा नव्हता, हे तुला ठाऊक होतं आणि मलाही.

आणि मग ती संध्याकाळ. आई चुलीवर बोंबील परततेय, तू पाटावर बसलायस, मी मागच्या दारी हात-पाय धुतोय. तू हळू बोललास. पण बाबा, ज्या पोराला पाण्याखालचं ऐकायला शिकवलं त्याला कुडापलीकडचं ऐकू येणार नाही, असं तुला वाटलं तरी कसं? "पोरगा ऐकतो बरा," तू आईला म्हणालास, "पन धरीत नाय." आईने विचारलं, "म्हंजे?" तू नुसतं ताट पुढे ओढलंस. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर चुलतभाऊ होता आणि मला तू घरी राहायला सांगितलंस. कारण नाही, समजावणं नाही. काय धरीत नाही? जाळं? दोर? तुझ्यासमोर तोंड? मी विचारायला आलो असतो, पण तू माझ्याकडे पाठ करून दोर वळत बसलास, आणि त्या पाठीला विचारण्याची हिंमत आपल्या घरात कोणाचीच नव्हती.

मी पंपाच्या दुकानात लागलो. आज नायगावच्या टॉवरांपासून चंदनसारच्या सोसायट्यांपर्यंत कुठेही पाण्याची मोटार बिघडली की मला फोन येतो. मी म्हणतो, फोन मोटारीजवळ धरा. आवाज ऐकतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय, किंवा हवा धरलीय, माणूस पाठवतो. लोक थक्क होतात. त्याच कानावर मी घर बांधलं, माणसं पोसली. आपल्या विहिरीवर पहिली मोटार बसवली तेव्हा तू खाटेवरून एवढंच म्हणालास, "आवाज फार करते." खरंच करत होती, पाया कच्चा होता. पण तेवढंच?

म्हणून बोट. मला मोठा मासा स्वतःच्या हाताने धरायचा होता, एकच, आणि पावसाळ्याची बंदी लागायच्या आत. शिकवायला मालवणचा एक माणूस बोलावला. त्याने अंदमानात वर्षानुवर्षं पर्यटकांना गळावर नेलंय. गढूळ पाणी मागे टाकून निळं पाणी लागेपर्यंत जायचं, दोऱ्या वेगवेगळ्या लांबीवर सोडायच्या, वेग ढळू द्यायचा नाही. त्याने पुन्हा पुन्हा बजावलं, "शेठ, मासा लागला की दोरी सुटून रीळ किंचाळेल. काही झालं तरी बोट चालती ठेवायची. चालत्या बोटीनेच गळ नीट रुततो." मी मान डोलावली. माझ्याच बोटीचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती का द्यायचं, म्हणून ते मी घेतलं.

रीळ किंचाळलं. आणि बाबा, माझ्या हाताने इंजिन बंद केलं. मी नाही, हाताने. आवाज आला की बंद, आणि ऐक. दोरी सैल पडली. मागे, पाठीवर शिडासारखा पंख असलेला एक भला मोठा मासा पाण्याबाहेर आला, डोकं झटकलं, गळ भिरकावला आणि गेला. मालवणवाला टोपी काढून बसला. पुढच्या रविवारी तेच. रीळ किंचाळलं, माझा हात गेला, दोरी सैल. या वेळी तो ओरडला, "अहो, इंजिन का बंद करताय? ऐकायचंय काय त्याच्याकडून? पत्ता?" मला त्याचा राग नाही आला. तुझा आला. मला होडीवरून उतरवलंस ते उतरवलंस, पण तुझा नियम माझ्या हातात तसाच ठेवून गेलास!

तिसऱ्या खेपेला तुझी सून आली. भुईगावची, केळी-पानवेलीच्या बागेतली; समुद्र तिने किनाऱ्यावरूनच पाहिलेला. म्हणाली, दोन रविवार तुमचं तोंड बघून कंटाळले, आता बघतेच तिकडे होतं काय. तासभर उलट्या केल्या, मग तोंड धुऊन मला म्हणाली, "उठा तिथून. मी धरते. मला कोणी ऐकायला शिकवलेलं नाही, मी नाही बंद करणार." मालवणवाला पहिल्यांदा हसला. "काकू, समोर बघा. मागे बघायचंच नाही." ती बाजारात स्कूटर चालवते तशी, जबडा आवळून, समोर बघत राहिली. रीळ किंचाळलं. माझा उजवा हात हवेत कुठेतरी थ्रॉटल शोधत गेला. तिथे काहीच नव्हतं, म्हणून तो गळाच्या रॉडवर आला. इंजिन चालूच होतं. मग ती ओढाताण. मासा खोल जातो, मी खेचतो, तो पुन्हा दोरी घेऊन जातो, दंड जळतात, मालवणवाला कानाशी "घाई नको, घाई नको" म्हणतोय, आणि स्टिअरिंगवरून ही ओरडतेय, "आला का? वळून बघू का?" "नको!" आम्ही दोघंही ओरडलो. शेवटी आला. कुपा. माझ्या कमरेएवढा, निळा-काळा, अंगभर थरथरत.

परत येताना मी तिला तुझं वाक्य सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ती तुझ्यावर चिडेल. तिने विचार केला आणि म्हणाली, "त्यांनी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. आईंना कशाला सांगितलं?" बस, तेवढंच. माझा सगळा राग तिने दोन वाक्यांत मांडला. बाबा, मला सांगायचं होतंस. काय धरत नाही ते दाखवायचंस. मी शिकलो असतो, तुझ्याच होडीवर, तुझ्या हाताखाली.

बंदरात म्हाताऱ्यांनी मासा पाहिला, कोणी थुंकलं नाही. एकाने विचारलं, "बोट कोन चालवत होता?" मी म्हणालो, मालवणचा माणूस. ती बाजूलाच उभी होती. तिने ऐकलं. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. येत्या रविवारी पुन्हा निघायचंय आणि तिच्याशिवाय जमणार नाही, हे तिला कसं सांगायचं ते मला सुचत नाही, म्हणून तुला लिहीत बसलोय.