गप्प बसण्याचं ध्येय आणि त्यातलं "हं"

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला काय म्हणतो? आम्ही सगळे ठीक आहोत, निदान तब्येतीने. एवढं लांब पत्र पाहून तू दचकशील, पण इतके दिवस बोलायचीच बंदी होती, मग माणसाने तुंबलेलं रिकामं करायचं तरी कुठे?

झालं असं, की आपला विमा एजंट (डोक्यावर केस कमी आणि पिशवीत कागद जास्त, तोच) समोरच्या नव्या सलूनमध्ये जाऊ लागला. इतकी वर्षं त्याचे केस मी कापले, आणि आता तो माझ्या दुकानावरून मान खाली घालून जातो! शेवटी मी त्याला रस्त्यातच गाठलं. तो म्हणाला, "राग मानू नका, पण तिकडे शांतता असते." आता माझ्या दुकानात कसली गं अशांतता? मी एकटाच तर बोलतो. पण ते वाक्य मनाला लागलं. असे चार जण गेले तर खुर्च्यांवर मीच आळीपाळीने बसायचं.

लेकीला सांगितलं. तिच्या ऑफिसात सगळ्यांना एकदा हॉटेलात नेऊन ध्येय कसं गाठायचं ते शिकवलं होतं (जेवण चांगलं होतं म्हणे). ती म्हणाली, ध्येय लहान हवं, रोज पाळण्यासारखं हवं आणि चार लोकांना सांगून टाकलेलं हवं, म्हणजे मोडायची लाज वाटते. मग ठरलं की कात्री हातात असेपर्यंत मी बोलायचं नाही. गिऱ्हाइकाचा अपमान नको म्हणून फक्त "हं" म्हणायची सवलत. एक गिऱ्हाईक गप्प पार पडलं की बक्षीस म्हणून एक पेपरमिंटची गोळी. आता चार लोकांना सांगायचं म्हटल्यावर मी मागे राहतो होय? येईल त्याला खुर्चीत बसवून गप्प बसण्याचे फायदे समजावले. पहिले दोन दिवस त्यातच गेले आणि घसा बसला. लेक म्हणाली, चला, सुरुवात तर झाली.

मग मात्र मी खरोखर गप्प झालो, आणि तिथून घोटाळे सुरू झाले. निवृत्त हेडमास्तर आले. मी बोलत नाही म्हटल्यावर तेच बोलू लागले. मुलाकडे दोन महिने राहायला जायचंय, कासवाची पंचाईत आहे, वगैरे. मी मधूनमधून "हं" म्हणत होतो. संध्याकाळी कासव दुकानात हजर. (सध्या ते केस धुवायच्या बेसिनमध्ये असतं. गिऱ्हाईक डोकं मागे टेकायच्या आधी एकदा वळून बघतं.) इमारतीचं सेक्रेटरीपद कोणालाच नको होतं, ते माझ्या एका "हं"वर मला मिळालं. आणि शांततेची बातमी ऐकून विमा एजंटही परत आला. मी हरखून गेलो. त्याने पॉलिसी पहिल्या कलमापासून समजावली आणि मी कात्री खाली ठेवेपर्यंत फॉर्म भरूनही झाला होता. नाही म्हणता आलं असतं, पण इतक्या दिवसांनी तो आपल्या खुर्चीत बसला होता गं. सही केली.

मग एक दिवस तुझी भावजय डबा घेऊन आली. दुकानात कोणी नव्हतं, मी कात्री पुसत होतो (हातात आहे म्हणजे नियम लागू). एरवी ती डबा ठेवून जाते. त्या दिवशी खुर्चीत बसली आणि आरशात बघत सांगू लागली. तिला गाडी चालवायला शिकायचंय. कधीपासूनचं मनात आहे, क्लासची चौकशीही करून ठेवली आहे. कितीदा सांगायला आली, पण दर वेळी मी मधेच माझं पुराण सुरू करायचो आणि तिचं वाक्य अर्धंच राहायचं.

मी "हं" म्हणालो.

तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "हे खरं आहे, की गिऱ्हाइकांना म्हणता तसलं?"

मी कात्री खाली ठेवली. म्हणालो, "खरं." मग शेजारच्या खुर्चीत बसून तिला पुढचं सांगू दिलं, आणि त्यासाठी कुठलीही गोळी लागली नाही.

आता ती रोज सकाळी क्लासला जाते. परवा क्लासच्याच फाटकाला गाडी घासली, तर घरी येऊन तासभर तेच रंगवून सांगत होती. मी ऐकलं. लेक म्हणते, ध्येय झेपत नसेल तर सोडायचं नाही, आणखी लहान करायचं. त्यामुळे हल्ली मी फक्त मिशी कापताना गप्प असतो. गिऱ्हाइकांचाही तोच आग्रह आहे.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता.क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं. मध्यंतरी भावजींचा फोन आला होता. मशीन चालू होतं, एक अक्षर ऐकू आलं नाही, म्हणून मी तीनदा "हं" म्हणालो. शेवटी ते खूश होऊन म्हणाले, "मग ठरलं तर." काय ठरलं, ते उलट टपाली कळव.

ता.क. २ कळवलं नाहीस तरी चालेल. दारात आत्ताच एक टेम्पो येऊन थांबला आहे. मागे पलंग आहे, पुढे ड्रायव्हरशेजारी तुझ्या सासूबाई आहेत, आणि ड्रायव्हर "हं" म्हणतो आहे.