शेंदराखालची चार अक्षरं

कार्तिक व. ५, शके १८०८. ठाणे.
हे.मा.नी (हेडमास्तरांनी) मधल्या सुट्टीत बोलावलं. वाटलं, पुन्हा तळ्याकाठचे कोरीव दगड बघत बसलो म्हणून कानउघाडणी. तर खुर्चीत एक उंच, दाढीवाला, उन्हानं लालबुंद झालेला गोरा. "हे रुमानिया देशाचे प्रोफेसर. जुना इतिहास उकरतात. यांना आपल्याकडचे दगड दाखवा. तुम्हाला तरी दुसरं काय येतं?" शाळेत मला दगडमास्तर म्हणतात, हे हे.मा.ना ठाऊक आहे.
रुमानिया भिंतीवरच्या नकाशात सापडेना. नकाशा जुना. साहेब उठले आणि खिशातली पेन्सिल काढून काळ्या समुद्राच्या काठी आपला देश स्वतःच काढून मोकळे झाले. शाळेच्या नकाशावर! हे.मा.चं तोंड बघण्यासारखं झालं.

कार्तिक व. ८
रु.सा. (रोज रुमानियाचे साहेब कोण लिहिणार) काय शोधतायत ते कळलं. दोनेक हजार वर्षांमागे ग्रीक व्यापारी गलबतं घेऊन कल्याण बंदरात येत, असं त्यांच्या जुन्या ग्रंथांत आहे. पण खुद्द कल्याणच्या आसपास ग्रीक अक्षर आजवर एकही मिळालेलं नाही. ते हवं. त्यांच्या राजधानीत विद्यापीठातली प्राचीन इतिहासाची जागा रिकामी आहे, उन्हाळ्यात भरणार. उमेदवार दोन. दुसऱ्याचा सासरा मंत्री. "मला सासराच नाही. मला दगड पाहिजे," म्हणाले. एक्केचाळीस वय, एकटा जीव, खोकला आहे.
त्यांचं इंग्रजी माझ्याहून वाईट, म्हणून आमचं छान जमतं.
घरी सांगितलं. मंडळी म्हणाल्या, "दगडाला दगड भेटला."

मार्गशीर्ष शु. ६
कल्याण. खाडीकाठ दिवसभर पायी. खापऱ्या वेचल्या. मी आजवर खापरी म्हणजे खापरीच समजत होतो. रु.सा. एकेक उचलून कडा बघतात, ओठाला लावतात, उन्हात धरतात. "ही पाण्याच्या घड्याची. ही तेलाच्या बुधलीची. हिच्यावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा, बघ." बघितलं. खरंच अंगठा! अडतीस वर्षं डोळे घेऊन फिरतोय, आज कोणी ते उघडून दिले. हे ऋण कसं फिटायचं?
ग्रीक काही नाही.

मार्गशीर्ष व. २
आंबिवलीला आगगाडीनं, पुढे बैलगाडी. तिथे एक अक्षरांचा दगड आहे असं कोणी सांगितलं होतं. निघाली जात्याची तुटकी तळी, टाकीच्या खुणा असलेली. गाडीवान हसून हसून बेजार. रु.सा.ही हसले.
परतताना गाडीत आपल्याविषयी बोलले. वडील खेडेगावचे पाद्री (त्यांच्याकडे पाद्र्यांना बायकामुलं असतात!). विहिरीच्या काठाला एक पालथा दगड होता, त्यावर उभं राहून सगळं गाव पाणी शेंदायचं. एका उन्हाळ्यात तो उलटला, तर खालच्या अंगाला लिहिलेला. कोणा रोमन शिपायाचा, बायकोनं उभारलेला. "आठ वर्षांचा होतो. त्या बाईचं नाव मी वाचलं आणि संपलो," म्हणाले. मग बर्लिनला उपाशीतापाशी शिकले. पुढे समुद्रकाठच्या ग्रीक गावांत सात वर्षं खणलं. खणलेलं दुसऱ्याच्या नावावर छापून आलं. हे सांगताना आवाज चढला नाही. माझाच चढला.

पौष शु. १२
आज रु.सा.चा नाताळ. आमच्या पाद्र्यांचा बारा दिवसांपूर्वीच झाला. यांच्या देशात पंचांग मागे आहे. एकटेच बसले असतील म्हणून जेवायला आणलं. आळीतल्या लोकांच्या माना खिडक्यांतून बाहेर. पडवीत पाटावर बसले, मांडी काही जमेना, गुडघे कानाशी. वालाचं बिरडं तीनदा मागून घेतलं. मंडळी दाराआडून म्हणाल्या, "आईच्या आठवणीनं जेवतायत हो. वाढा अजून."
संध्याकाळी मला ग्रीक मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली. पाटीवर. मी विद्यार्थी, ते मास्तर. मला लाज वाटली नाही, उलट फार सुख झालं.

पौष व. ९
खबर लागली. खाडीपलीकडे कळव्याच्या मिठागरांत एक देव आहे. पुरुषभर उंच उभी शिळा, शेंदरानं लिंपलेली. तिथला एक माणूस बाजारात म्हणाला, "आमच्या देवाच्या पोटावर लिवलंय. शास्त्र्यांना पन वाचता आला नाय." शास्त्र्यांना वाचता येत नाही, म्हणजे देवनागरी नाही, असं रु.सा.नी लगेच ठरवलं. मीही मान हलवली. शास्त्रीबुवांना शेंदरामुळेच दिसलं नसेल, हे आत्ता लिहिताना सुचतंय.

पौष व. ११
होडीनं कळवा. देव भागूबाईच्या आगरात. साठीची, काळी, ताठ. नवरा गेल्यापासून मीठ तीच पिकवते. शेंदूर चांगला चार बोटं जाड, पिढ्यान्‌पिढ्यांचा. पोटावर तेवढा पातळ, तिथे खाली अक्षरांच्या खाचा आहेतशा वाटतात.
मी म्हटलं, एका कोपऱ्यात थोडा शेंदूर काढू, पुन्हा लावून देऊ.
"देवाची कातरी सोलाची? मास्तर, तू बामनावानी दिसतंस न असा बोलतंस?"
"मग कधी दिसेल?"
"देव आपला कवच आपन टाकल. माज्या सासूचे येलेला टाकलेला. तवर कोनी हात लावाचा नाय."
तिचं बरोबर होतं. कवच देव स्वतः टाकतो, हे आमच्याकडेही सगळे मानतात. रु.सा.ना समजावून सांगितलं. ते म्हणाले, पावाचं पीठ फुगायची वाट बघतात तशी वाट बघितली असती, पण फाल्गुनात बोट आहे.

माघ शु. ४
चौथी खेप. भागूबाई विरघळली. आम्ही कोपऱ्यात न बोलता बसून राहतो, ते तिला आवडलं असावं. म्हणाली, आंघोळ करून ओलेत्यानं तू एकट्यानं देवाला हात लाव. चाचपून काय कलला ता कलला. साहेबानी कुंपनाचे भायेर ऱ्हावाचा.

माघ शु. ५
खाडीवर आंघोळ, ओलं धोतर, नमस्कार. मग डोळे मिटून दोन्ही हातांची बोटं शेंदरावरून. कुंपणाबाहेर रु.सा. पाटी घेऊन. मी ओरडायचो: उभी रेघ, आडवी, पुन्हा उभी. ते काढायचे. चार अक्षरं झाली आणि ते मटकन खाली बसले. रडत होते. ग्रीक! खलाशाच्या नावाचा तुकडा, म्हणाले.
भागूबाईनं त्यांना पाणी दिलं, स्वतःच्या तांब्यातलं.
घरी येऊन हे लिहितोय. एक गोष्ट लिहायची राहिली, ती लिहितोच, निदान इथे. चारही अक्षरांच्या डोक्यावरून एक सलग आडवी रेघ बोटांना लागली होती. शिरोरेषेसारखी. मी सांगितली नाही. शेंदराची कड असेल असं म्हटलं मनाशी. महिनाभर जी अक्षरं गिरवली तीच सापडावीत असं बोटांना वाटत होतं, आणि साहेबांचा चेहरा...

फाल्गुन शु. ३
बोरीबंदरापर्यंत पोचवायला गेलेलो. ज्या ब्रशनं रु.सा.नी मला दगडावरच्या अक्षरांचे कागदी ठसे घ्यायला शिकवलं, तो त्यांनी मला दिला, डुकराच्या केसांचा. सोवळ्याचं काय ते मंडळी बघतील. कडकडून मिठी मारली, फलाटावर, सगळ्यांदेखत. माझ्या उभ्या जन्मात वडिलांनीही कधी मारली नव्हती.

श्रावण व. १, शके १८०९
पत्र! जागा त्यांना मिळाली! मंत्र्याचा जावई मागे राहिला. सोबत छापील निबंध, फ्रेंचमध्ये. मधल्या पानावर ती चार अक्षरं, आणि खाली माझं पूर्ण नाव, रोमन लिपीत. पत्रात त्याचा अर्थ इंग्रजीत समजावलाय: "हे वाचन ठाण्याच्या माझ्या विद्वान मित्राच्या हातांचं आहे. त्याच्याविना मी रिकाम्या हातांनी परतलो असतो."
हे.मा.नी नाव सगळ्या वर्गांत फिरवून दाखवलं. मंडळींनी देवापुढे साखर ठेवली. मीही हात जोडले. खाली बघून.

आश्विन व. २
मधल्या सुट्टीत भागूबाईचा पुतण्या धावत आला. देवानं काल कवच टाकलं. यंदा पाऊस फार, ओल आत शिरली असेल. तिनं मुद्दाम निरोप धाडला: आज कवच वाजतगाजत खाडीत सोडतील, उद्या दुपारी नवा शेंदूर. तवर मास्तरनी येऊन बघून घ्यावा.
तिला लक्षात राहिलं. तिचे उपकार.
आणि मी वर्गावर बसून राहिलो. मुलांना बेरजा घातल्या. उद्या दुपारनंतर तो दगड माझ्या हयातीत कोणाला दिसायचा नाही. नाही गेलो तर ती चार अक्षरं ग्रीकच राहतील, साहेबांची खुर्ची राहील, माझं नाव राहील. होडी चुकली, एवढं सांगितलं तरी पुरे. खाडीला भरती असते, कोण विचारणार?
संध्याकाळी मंडळींना सगळं सांगितलं. शिरोरेषेचंही. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "एवढं होतं तर मला आठ महिने का नाही सांगितलंत? एकट्यानंच वागवलंत होय." इतक्या वर्षांत त्यांच्याशी असं कधी बोललो नव्हतो.

आश्विन व. ३
पहाटेच्या होडीनं गेलो. ब्रश, कागद, पाण्याची बादली.
शिळा उघडी, काळी, ओलसर. वर चंद्रसूर्य. मध्ये नऊ ओळी, स्वच्छ, आपल्याच जुन्या नागरीत. संस्कृत. कोण्या मांडलिकानं हे आगर देवळाच्या दिव्याला दिलं, जो हिरावून घेईल त्याला शाप. खाली त्या शापाचं चित्र, गाढवाचं आणि बाईचं. इथे लिहिण्यासारखं नाही. भागूबाईनं ते बघून पदर तोंडाशी नेला आणि मनसोक्त हसली. "आमचा देव असा बोलतंय होय!"
माझी चार अक्षरं तिसऱ्या ओळीत. डोक्यावर शिरोरेषा, काठी टेकवावी इतकी सरळ. "दीप" हा शब्द आहे त्यात. बाकी माझ्या बोटांची करामत.
ठसा घेतला. ओला कागद, ब्रशनं ठोकून ठोकून, वाळेपर्यंत तिथेच. रु.सा.नी शिकवलं तसाच. उत्तम उतरला. माझ्या हातून इतका चांगला ठसा याआधी उतरला नाही. बाराला गावकरी शेंदूर आणि तेल घेऊन आले. मी बाजूला झालो, मग त्यांच्याबरोबर मीही एक बोट शेंदूर लावला. भागूबाईनं लावू दिला.

आश्विन व. ४
ठसा कपाटात. कोणाला दाखवला नाही.
रु.सा. नवीन जागेवर आत्ताच कुठे स्थिरावले असतील. जागा सध्या वर्षभरापुरती, पुढच्या वर्षी मंत्र्याचा जावई पुन्हा उभा राहील, हे पत्रात होतंच. त्याच्या हाती हा कागद लागला तर! आणि नाहीच लागला तर? मग काय, मीच मेल्यावर रद्दीत जाईल.
हे.मा. विचारत होते, बक्षीस समारंभात निबंध वाचून दाखवाल का. हो म्हणालो. भित्रा!

आश्विन व. ७
आज त्यांच्या जागी उभं राहून बघितलं. सात वर्षं खणलेलं दुसऱ्याच्या नावावर गेलं, तरी हा माणूस चिडला नव्हता. दगडावर जे लिहिलंय ते छापलं गेलं याचंच त्याला समाधान होतं. आणि मी त्याला दगडावर नसलेलं दिलं. चोर तो दुसरा की मी?
मंडळींना म्हटलं, लिहितो. त्या म्हणाल्या, "लिहा. माझाही नमस्कार घाला. आणि बिरडं आठवतं का विचारा."

आश्विन व. ९
पत्र चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. इंग्रजीत माफी मागायला दोनच शब्द येतात आणि तेही हुकमाचे वाटतात. शेवटी मराठीत लिहिलं आणि मग त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं. शिरोरेषा मला लागली होती, हे पहिल्याच ओळीत. शेंदरावर ढकललं नाही.
हे.मा.ना देखील सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "निबंध वाचायचा नाही तर मग," म्हणाले. मी दाराशी पोचलो तर, "तो ठसा तरी आणा बघू. शाप काय आहे म्हणालात?"

आश्विन व. १०
ठसा गुंडाळी करून, मेणकापडात, टपालात दिला. उत्तर यायला दोन महिने, आलं तर.
पत्राचा शेवट इथे उतरून ठेवतो, मला स्वतःला लागेल म्हणून:
"दगडानं आपल्याला खलाशी दिला नाही, दिवा दिला. माझं नाव निबंधातून काढून टाका, ते योग्यच. मी तुमचा विद्वान मित्र नव्हतो. पण तुम्ही मला खापरीवरचा अंगठा दाखवलात, आणि त्यात खोटं काही नव्हतं. विद्वान खोडा. मित्र खोडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."