थोरलं कार्ड, धाकटं कार्ड

६ नोव्हेंबर, सोमवार

लेकीने आज दोन ग्राफिक्स कार्डांची नावं चिठ्ठीवर लिहून माझ्या कीबोर्डवर ठेवली. "बाबा, यातलं एक घ्यायचंय. बघून ठेवा. मला दुसरं बरं वाटतंय." एवढं बोलून बाईसाहेब साइटवर पसार!

बघून ठेवा म्हणे! न बांधलेल्या इमारतींची चित्रं करून बिल्डरांना देणारं हे ऑफिस मी उभं केलं. कुठल्या कॉलेजात न जाता, सॉफ्टवेअरमधली मदतीची पानं वाचून वाचून. तिलाही मीच शिकवलं. आणि आता मला विचारायच्या आधीच हिला "बरं वाटतंय"?

नावं म्हणजे नुसती आकड्यांची माळ. मी पहिल्याला थोरलं म्हणणार, तिच्या दुसऱ्याला धाकटं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

तक्ता केला. थोरल्यात ७१६८ कोअर, क्लॉक अडीच गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला अडीचशे कोटी ठोके. कोअर एका ठोक्याला दोन हिशेब करतो. तिन्हींचा गुणाकार — ३५.८४ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला तेवढे लाख कोटी हिशेब. धाकट्यात कोअर ४३५२, क्लॉक तेवढाच — २१.७६. मेमरीकडे जायचा रस्ता थोरल्याचा १९२ बिटांचा, सेकंदाला ५०४ गिगाबाइट वाहून नेतो. धाकट्याचा १२८ बिटांचा, नेतो २८८. कागदावरचे आकडे आहेत, मान्य. प्रत्यक्षात कुठलंच कार्ड एवढं पळत नाही. तरी दीडपटीहून जास्त फरक आहे, तो काय हवेत विरणार?

धाकट्याची एकच बाजू वरचढ. मेमरी. त्याची सोळा गिगाबाइट, थोरल्याची बारा.

तिला दाखवलं. "बाबा, मेमरी भरली की बाकीचा वेग काय चाटायचाय?" म्हणाली.

बरोबर आहे. माझंच वाक्य आहे ते.

९ नोव्हेंबर, गुरुवार

बरोबर आहे — पण आपल्या कामाला लागू नाही! सकाळपासून जुनी कामं एकेक उघडून मोजली. सगळ्यात जड निघालं ते टेकडीवरच्या बंगल्यांचं, झाडाझुडपांसकट. तेही साडेनऊ गिगाबाइटच्या वर गेलं नाही. बारा पुरून उरतात. आणि हे तिला पक्कं ठाऊक असणार, कारण ते काम तिनेच केलंय.

मग मला मेमरीची गोळी का दिली?

दुकानदाराने भरवलं असणार. पडून राहिलेला माल कुणाच्या तरी गळ्यात मारायचा असेल त्याला. पोरगी साधी, मान डोलावून आली असेल.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात गेलो. काही माहीत नसल्यासारखं विचारलं, दोन्हींत चांगलं कोणतं. "साहेब, थोरलं डोळे मिटून घ्या. मला सुटतंही त्यात जास्त, खोटं कशाला बोलू! धाकटं तर ताईंनीच मागवून ठेवलंय. मी म्हटलं होतं, साहेब ओरडतील." त्याचा चेहरा नीट निरखला. तो खोटं बोलत नाही असं नाही, पण बोलताना काउंटर पुसायला लागतो. आज फडक्याला हात लावला नाही.

म्हणजे तिचंच काहीतरी आहे.

ऑफिसात परतलो तर बिल्डरचा फोन. "अहो, चित्रावर आडवंतिडवं तुमचं नाव कशाला छापलंय? गिऱ्हाइकाला काय दाखवू?" मी म्हटलं, आधी हे सांगा, माझं मागचं चित्र तुमच्या भाच्याच्या जाहिरातीत कसं गेलं? त्याने फोन आपटला. आपटू दे! आणि पाठोपाठ लेकीचा फोन वाजला. ती उठून गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. काचेतून एवढंच ऐकू आलं — "हो काका... मी बघते काका..."

काका म्हणते ती या बिल्डरलाच! माझ्याशी भांडून हा हिला फोन करतो, आणि ही त्याचं काय बघते?

१२ नोव्हेंबर, रविवार

घरीसुद्धा खोलीचं दार लावून फोन. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "तुला काही बोलली का ती?"

"तिलाच विचारा की. तुमच्या दोघांच्या मध्ये मला कशाला चेपता?"

मान वर केली नाही. एकाच टॉवेलची दोनदा घडी घातली. हिला माहीत आहे!

१३ नोव्हेंबर, सोमवार

सापडलं.

माझ्या तक्त्यात एक ओळ मी घेतलीच नव्हती. लांबी! घेणार तरी कशाला? ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट एवढं ऐसपैस की कुठलंही कार्ड त्यात पाय पसरून झोपेल. आज आकडे काढले. थोरलं ३१० मिलिमीटर, तीन पंख्यांचं. धाकटं १७०, एकच पंखा. वीजही कमी खातं. इतर ओळींत मार खाणारं कार्ड इथे सरळ जिंकतं.

म्हणजे हिला छोटं मशीन बांधायचंय. बुटाच्या खोक्याएवढं, काखोटीला मारून नेता येईल असं. आपल्या टेबलाखाली असल्या मशीनचं काही काम नाही.

ती निघाली. वेगळं काम थाटणार, आणि बिल्डरही बरोबर नेणार. म्हणून गॅलरी, म्हणून काका. दुकानदाराला ठाऊक, बायकोला ठाऊक, आणि मी इकडे टेराफ्लॉप मोजतोय!

समोर बसली होती ती. हेडफोन कानात, एका खिडकीवरची सावली नीट करत होती. तीन वेळा पुसली, चौथ्यांदा जमली. मी असतो तर दुसऱ्यांदाच सोडून दिली असती. रागवायला तोंड उघडलं, पण राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं. हिच्याशिवाय या खोलीत मी कुणाची चूक काढू?

उद्या विचारणार. फिरवून नाही, सरळ.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

विचारलं. "कधी जाणार आहेस?"

आधी तिला कळेचना. मग हेडफोन काढून खाली ठेवला. "मी कुठे जाणार, बाबा? ते मशीन तुमच्यासाठी आहे. घरी, खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर मावेल असं. तुमच्या संशयापायी तीन बिल्डर गेले. हा चौथा थांबायला तयार आहे, पण तुम्ही ऑफिसात नसाल तर. चित्रं तुम्हीच करा. लोकांशी मी बोलेन."

धाकट्याचा पंखा किती आवाज करतो, एवढंच विचारलं.

"अजिबात नाही," म्हणाली. "कुणाला कळणारसुद्धा नाही."