पलंग चारला तीनदा विचारा

चि. श्यामलास,

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातून, पलंग नंबर चारवर तीन उशांना टेकून बसलेल्या मुरलीधरदादाचे अनेक आशीर्वाद. तिकडे लंडनला, ईलिंगात, तुझे गुडघे काय म्हणताहेत? (व्हॉट्सॲपवर विचारलं की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्र.) माझी तब्येत उत्तम. खुबा मोडलाय, पण तेवढं सोडलं तर उत्तम.

तुझ्यापर्यंत अर्धीच हकीकत आली असेल. गेल्या मंगळवारी सकाळी बर्फावरून कचऱ्याची बिन ओढत फाटकाशी नेत होतो. पाय सटकला आणि मी नि बिन दोघंही आडवे. कौन्सिलच्या गाडीने बिनला उचललं, ॲम्ब्युलन्सने मला. ऑपरेशन झकास झालं. पंचाईत झाली ती त्यानंतर.

इथली मुख्य नर्स मार्व्हा. घराणं जमैकाचं, पण बाई अस्सल नॉटिंगहॅमची. मला लाडाने ‘डक’ म्हणते. (इथे सगळेच सगळ्यांना बदक म्हणतात, तू मनावर घेऊ नकोस.) निरनिराळ्या समाजांच्या पेशंटांना त्यांच्या त्यांच्या रीतीने सांभाळायचं, असं या लोकांचं नुकतंच ट्रेनिंग झालंय. पहिल्याच दिवशी तिने माझा फॉर्म भरला. मांसाहार चालतो का, पूजा किती वाजता, आंघोळीला पुरुष नर्स हवा का! इतक्या अदबीने चौकशी माझ्या लग्नातसुद्धा कोणी केली नव्हती. फॉर्मात एकच गोष्ट राहिली, आणि ती माझ्याही ध्यानात आली नाही: आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कोणी हो म्हणत नाही.

झालं असं, की चहाची ट्रॉली आली. घेणार का, म्हणून पोरीने विचारलं. मी आपलं म्हटलं, नको नको, राहू दे. आता पुढे काय व्हायला पाहिजे? समोरच्याने म्हणायचं, अहो घ्या हो, अर्धा कप. आपण जरा आढेवेढे घ्यायचे, मग त्याने कप हातात कोंबायचा. इथे ट्रॉली चक्क निघून गेली! जेवणाचं तेच. दुखतंय का, गोळी देऊ का? छे छे, बरंय की, असं मी दात आवळून. दोन दिवस ही मंडळी माझ्या नकाराचा मान राखत होती आणि मी भुकेने कळवळत होतो. चार्टवर ओळीने ‘नाकारले, नाकारले’. तिसऱ्या दिवशी मऊ आवाजाचा एक तरुण डॉक्टर आला आणि तुम्हाला जगावंसं वाटतं ना, असं विचारायला लागला. मी म्हटलं, मजेत आहे. तेही त्याने काळजीने लिहून घेतलं.

तेवढ्यात ट्रॉली निघाली, आणि बिस्किटांच्या मागे जाणारे माझे डोळे मार्व्हाने पकडले. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘डक, तुमच्या घरी चहा कसा देतात, ते सांगा बघू.’ श्यामे, मला एकदम भरून आलं. (भुकेनेही असेल.) तुझी वहिनी गेल्यापासून मला दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नव्हतं गं. मी सगळं सांगितलं. मार्व्हा पोट धरून हसली. तिची आजी म्हणे विचारायचीच नाही, सरळ ताटात वाढायची. मग उठली आणि माझ्या डोक्यावरच्या फळ्यावर, ‘पडण्याचा धोका’ याच्या खाली, मोठ्या अक्षरात लिहिलं: तीनदा विचारा.

तेव्हापासून माझी चंगळ आहे. शेजारच्या पलंगावरचे रिटायर्ड बसड्रायव्हर मात्र वैतागले, कारण नव्या नर्सने चुकून त्यांनाही तीनदा विचारलं आणि ते तिन्ही वेळा खरंच नाही म्हणत होते. माझीही एकदा फजिती झाली. काल पोट साफ व्हायचं औषध आणलं. नको म्हटलं, मनापासून. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, बरं, थोडंसं द्या. पुढचं लिहीत नाही.

येत्या शुक्रवारी मला सोडणार. पण तीन आठवडे सोबत कोणी असेल तरच, नाहीतर केअर होम. सुयशचा ब्रिस्टलहून फोन आला होता, बाबा, आमच्याकडे येता का, म्हणून. मी म्हटलं, नको रे, तू आणि मंजिरी दोघं नोकरीवाले, कशाला त्रास. तो म्हणाला, ओके बाबा, तुमच्या डिसिजनचा मला रिस्पेक्ट आहे. गुणी पोरगा, इथेच वाढलेला. तेव्हा केअर होमचं नक्की आहे. तिथे हा फळा नसेल, पण माझी काही तक्रार नाही. अगदी आनंदात आहे, काळजी करू नकोस.

तुझा,
मुरलीधरदादा

ता. क. हे वाचून तू बॅग भरायला घेशील. येऊ नकोस. तू दिवसभर बोलतेस आणि मला आता पळता येत नाही. हे ‘नको’ तिन्ही वेळचं एकदम समज.

आणखी एक ता. क. सुयशला फोन कर. मी सांगितलंय असं मात्र बोलू नकोस. त्याचं एकदा विचारून झालंय, अजून दोनदा विचार म्हणावं, शुक्रवारच्या आत. मला जायचंय गं त्याच्याकडे. आणि तिसऱ्यांदा विचारलं की लगेच फोन ठेवू नकोस म्हणावं, मला ‘बरं’ म्हणायला जरा वेळ लागतो.